चित्र काढावें एकानें, पारखावें दहांनीं

छायाचित्र काढणें ही एके काळीं श्रीमंताघरची हौस होती. आतां ती घरोघरची नित्याची गोष्ट झाली आहे. लग्नमुंजी, बारशीं, यात्रा, सहली यांपैकीं एकहि प्रसंग चित्रावांचून पार पडत नाहीं, आणि ज्याच्या खिशांत टेलिफोन आहे त्याच्या खिशांत कॅमेराहि आहेच. पावसाळ्यांतील कोणत्याहि रविवारीं सकाळीं भूगांव, पिरंगुट, पौड या मार्गानें मुळशीकडे निघालेल्या वाहनांची रांग पाहावी. त्यांतील पुष्कळ मंडळी केवळ भिजण्यासाठीं नव्हे, तर चित्रें काढण्यासाठींच निघालेली असतात. सायंकाळीं तीं परततात तेव्हां त्यांच्यापाशीं शेंकडों चित्रें जमलेलीं असतात. प्रश्न असा कीं, पुढें या चित्रांचें काय होतें? तीं आप्तेष्टांना धाडलीं जातात, ‘वाहवा’, ‘झकास’ असे दोन-चार उद्गार परत येतात, आणि मग तीं कायमचीं विस्मृतींत जाऊन पडतात. आपलें कोठें साधलें व कोठें फसलें हें काढणाऱ्यास कळत नाहीं. पुढल्या वर्षीं त्याच वळणावर उभा राहून तो तेंच चित्र पुन्हां काढतो.

या स्थितीवर उपाय आहे, आणि तो नवीन नाहीं. हौशी मंडळींनीं नेमानें एकत्र बसावें, आपआपलीं चित्रें एकमेकांपुढें ठेवावीं, आणि त्यांचे गुणदोष कारणांसह बोलावे, हाच तो उपाय. ऐकावयास तो सोपा वाटतो. आचरणांत मात्र फार कठीण आहे. कारण स्तुति करणारा मित्र व निंदा करणारा शत्रु हे दोघेहि जगांत मुबलक मिळतात. परंतु आपलें चित्र आपल्याइतक्याच आस्थेनें पाहून त्यांतील उणें सांगणारा सहृदय परीक्षक विरळा. असे परीक्षक कसे लाभतात, त्यांनीं काय पाहावें, आणि त्यांच्या परीक्षणाची धांव कोठपर्यंत जावी, याचा विचार येथें करावयाचा आहे.

दुष्यन्ताचें चित्र

आपल्या वाङ्मयांत चित्रपरीक्षणाचा सर्वांत सुंदर प्रसंग कोणता, असें कोणी विचारल्यास आम्ही ‘शाकुन्तला’च्या सहाव्या अंकाकडे बोट दाखवूं. पश्चात्तापानें पोळलेला दुष्यन्त शकुन्तलेचें चित्र स्वतःच्या हातानें काढतो. तो राजा आहे, धंद्यानें चितारी नव्हे. म्हणजे आजच्या भाषेंत हौशीच. तें चित्र पाहणारे तिघे आहेत. पहिला विदूषक. तो तोंडभर वाखाणणी करतो. पण ती पोकळ नाहीं. चित्रांतील तीन स्त्रियांपैकीं शकुन्तला कोणती, असें राजानें विचारतांच तो तिला नेमकी ओळखतो व ओळखीचीं कारणेंहि सांगतो. दुसरी सानुमती, ती अदृश्य राहून पाहते आणि आपली सखी पुढ्यांत उभी असल्याचा तिला भास होतो. तिसरा स्वतः राजा. इतरांनीं वाखाणूनहि त्याचें समाधान नाहीं. मालिनी नदी राहिली, तिच्या वाळवंटांतील हंसांचें जोडपें राहिलें, हिमालयाच्या पायथ्याचे हरिण राहिले, वल्कलें टांगलेला वृक्ष राहिला, कानावरचें शिरीषाचें फूल राहिलें, अशी उणिवांची यादीच तो देतो. ती ऐकून विदूषक स्वतःशींच म्हणतो कीं, आतां हा सगळा फलक लांब दाढ्यांच्या तापसांनीं भरून टाकणार! त्या विनोदांत परीक्षणाचें एक मोठें सूत्र आहे. चित्रांत काय हवें हें सांगणारा मित्र जितका उपयोगी, तितकाच काय नको हें सांगणाराहि उपयोगी. पुढें राजा चित्रांतल्या भुंग्यालाच दरडावूं लागतो, तेव्हां हें केवळ चित्र आहे याची आठवणहि विदूषकच करून देतो. आपल्याच कृतींत बुडालेल्या माणसास बाहेर ओढून काढणें हें मित्राचेंच काम आहे.

‘मालविकाग्निमित्रां’तील अग्निमित्र राजाची गोष्टहि येथें आठवते. तो मालविकेला प्रथम चित्रांत पाहतो. नंतर ती प्रत्यक्ष समोर आल्यावर त्याला वाटतें कीं चित्रकाराची समाधि शिथिल पडली असावी. दोष हाताचा नव्हे, रंगाचा नव्हे, तर एकाग्रतेचा! आजच्या छायाचित्रांतील बहुतेक दोषांचें निदान या एकाच शब्दांत करतां येईल. यंत्र उत्तम असतें; लक्ष मात्र दुसरीकडे असतें.

मुंबईची पहिली मंडळी

छायाचित्रणाची विद्या युरोपांत १८३९ सालीं जाहीर झाली. लंडनची छायाचित्रण-संस्था १८५३ सालीं निघाली, आणि अवघ्या एका वर्षानें, १८५४ सालीं, मुंबईंत ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली. कलकत्ता व मद्रास येथील संस्था त्यानंतरच्या, १८५६ सालच्या. मुंबईच्या संस्थेंत लष्करी व मुलकी गोऱ्या अधिकाऱ्यांचा भरणा असला तरी आपले लोकहि मागें नव्हते. डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे दोघेहि तिचे सभासद होते. नारायण दाजींचीं चित्रें संस्थेच्या प्रदर्शनांत मांडलीं गेलीं. १८५५ सालीं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें छायाचित्रणाचा वर्ग निघाला, आणि त्यांत शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढें मुंबईंतील नामांकित छायाचित्रकार झाले.

या मंडळींना एकत्र बसण्याची गरज कां भासली, हें त्या काळची रीति पाहिली म्हणजे कळतें. काचेवर कलोडियनचा लेप द्यावयाचा, ती काच चांदीच्या क्षाराच्या द्रवांत बुडवावयाची, ओली असतांच कॅमेऱ्यांत घालून चित्र घ्यावयाचें, आणि ओली असतांच धुवून काढावयाची. काच सुकली कीं सारें फुकट! आपल्या उन्हाळ्यांत ती बघतां बघतां सुके. विलायतेंत छापलेल्या पुस्तकांतील प्रमाणें येथें जशींच्या तशीं चालत ना. अशा वेळीं एकाची फसलेली काच ही दहांची शाळा होई. पुढें १८५६ च्या अखेरीपासून १८५८ पर्यंत ‘इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक आल्बम’ या नांवानें चोवीस अंक निघाले, आणि प्रत्येक अंकांत तीन छायाचित्रांच्या प्रत्यक्ष प्रती डकविलेल्या असत. ‘अमॅच्युअर’ म्हणजे हौशी. हा शब्द त्यांनीं अभिमानानें मथळ्यांतच घातला होता.

पण या इतिहासाला एक काळी कडाहि आहे. कलकत्त्याच्या संस्थेंत राजेन्द्रलाल मित्र हे खजिनदार होते. हे थोर संस्कृतज्ञ पुढें १८८५ सालीं एशियाटिक सोसायटीचे पहिले हिंदी अध्यक्ष झाले. १८५७ सालीं त्यांनीं निळीच्या मळेवाल्यांच्या जुलमाविरुद्ध जाहीर भाषण केलें. तें संस्थेंतील गोऱ्या सभासदांना झोंबलें, आणि राजेन्द्रलालांना संस्थेबाहेर काढण्यांत आलें. प्रकाश आणि छाया यांवर तासन् तास वाद घालणाऱ्या मंडळींना नीळ पिकविणाऱ्या रयतेच्या आयुष्यावरची छाया मात्र पाहवली नाहीं! परीक्षणाची मर्यादा चौकटीपाशींच संपवावी कीं तिच्या बाहेरहि जावें, हा प्रश्न तेव्हांपासूनचा आहे. त्याकडे आपण पुढें वळूंच.

यानंतरच्या टप्प्यांचा निर्देश थोडक्यांत पुरे. मुंबईंत ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया’ १९३७ सालीं निघाली. स्वित्झर्लंडमध्यें बर्न येथें १९५० सालीं आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला. आणि १९५३ सालीं हिंदुस्थानांतील मंडळांचा ‘फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी’ हा संघ उभा राहिला. या संघांच्या प्रदर्शनांत परीक्षकांपुढें चित्र येतें तें काढणाराचें नांव झांकून. ही एक रीति आपल्या घरगुती बैठकींनीं अवश्य उचलावी.

स्वस्ताईचा तोटा

जुन्या काळीं चित्राचा पहिला परीक्षक पैसा होता. पुष्कळ घरांत बडोद्यास तयार होणारा आग्फाचा ‘क्लिक थ्री’ कॅमेरा असे. त्याच्या एका गुंडाळींत बाराच चित्रें निघत. ती विकत घ्यावी लागे, धुवावयास द्यावी लागे, प्रती काढावयास पुन्हां पैसे पडत. अर्थात् बोट दाबण्यापूर्वीं मनुष्य दहादां विचार करी. मुलें ओळींत आहेत ना, ऊन पाठीशीं आहे ना, आजोबांचे डोळे मिटले नाहींत ना, हें सर्व आधीं पाहिलें जाई. आतां चित्राला पैसा पडत नाहीं, म्हणून विचारहि पडत नाहीं. एका धबधब्याचीं साठ चित्रें निघतात आणि त्यांतून एक निवडण्याचा कंटाळा येतो. पैशानें केलेलें परीक्षण गेलें. त्याची जागा मित्रांनीं केलेल्या परीक्षणानें भरून काढली पाहिजे. नाहीं तर विपुलता हाच दोष होऊन बसेल.

मुळशीची परीक्षा

हौशी छायाचित्रकाराची कसोटी पाहावयास मुळशीसारखी जागा नाहीं, असें आमचें मत आहे. एकीकडे जलाशयाचा विस्तार, दुसरीकडे ताम्हिणी घाटाची दाट झाडी, पलीकडे घनगड व तैलबैल्याचे सुटे कडे, मध्येंच भाताचीं खाचरें, आणि या सर्वांवर आषाढ-श्रावणांत पसरलेलें धुकें! येथें वाईट चित्र काढणें कठीण, असें नवख्यास वाटतें. वास्तविक येथें चांगलें चित्र काढणेंच कठीण. कारण देखावा इतका रम्य असतो कीं चित्रकाराची समाधि शिथिल होते.

बैठकींत वारंवार निघणाऱ्या दोषांपैकीं चार येथें सांगतों. पहिला, क्षितिजाचा. पाणी अर्धें व आकाश अर्धें असें चित्राचे दोन समान तुकडे केले म्हणजे दृष्टि कोठेंच ठरत नाहीं. आकाशांत मेघ असतील तर त्यांना जास्त जागा द्यावी. पाण्यांत प्रतिबिंब असेल तर पाण्याला द्यावी. क्षितिज तिरपें असेल तर मात्र क्षमा नाहीं. सारें तळें एका बाजूनें सांडल्यासारखें दिसतें.

दुसरा दोष धुक्याचा. धुकें पांढरें असतें आणि चित्रांत तें मळकट करडें उतरतें. याचें कारण असें कीं, कॅमेऱ्याचें प्रकाशमापक समोरचें दृश्य मध्यम करड्या उजेडाचें आहे असें धरून चालतें. पांढरें दिसलें कीं त्याला वाटतें उजेड फार झाला, म्हणून तें उजेड कमी करतें. अशा वेळीं आपण एक पायरी उजेड वाढवावा, म्हणजे धुकें धुक्यासारखें दिसतें.

तिसरा दोष धबधब्याचा. शटर एक-दोन सेकंद उघडें ठेवलें तर पाणी पिंजलेल्या कापसासारखें दिसतें. सेकंदाचा पांचशेंवा भाग ठेवलें तर थेंब न् थेंब गोठतो. दोन्ही रीति खऱ्या. पण कोणती कां निवडली याचें उत्तर चित्रकारापाशीं असलें पाहिजे. शांत ओहोळ आणि घाटांतून कोसळणारा लोंढा यांना एकच कापूस लावणें हें आळसाचें लक्षण होय.

चवथा दोष हिरव्या रंगाचा. श्रावणांतील मुळशी मुळांतच इतकी हिरवी असते कीं तिला घरीं येऊन आणखी हिरवी करण्याची गरज नाहीं. तरीहि ती केली जाते, आणि मग भाताचें रोप व प्लास्टिकची चटई यांत भेद उरत नाहीं.

जातां जातां एक व्यवहाराची सूचना. पावसाळी दमट हवेंत भिंगांच्या आंत बुरशी धरते व चित्रांवर मळभ येतें. पावसांतून आल्यावर कॅमेरा पुसून, उघड्यावर वाळवून, मगच ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट डब्यांत ठेवावा. दमट चामडी पिशवींत तो महिनोन् महिने कोंडून ठेवूं नये.

एक बैठक

मुळशी तालुक्यांत राहणाऱ्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरीं महिन्यांतून एका रविवारीं दहा-बारा हौशी मंडळी जमतात. त्यांत निवृत्त बँक अधिकारी आहेत, एक शिक्षिका आहेत, कॉलेजांतील दोन मुलें आहेत, किराणा दुकानदार आहेत, आणि घरची थोरली सून आहे. तिची नजर सर्वांत तीक्ष्ण, असा तेथील लौकिक आहे. आम्ही तेथें केवळ श्रोते म्हणून जातों. चित्र भिंतीवर मोठें करून दाखवितात. काढणाराचें नांव सांगत नाहींत, फक्त मथळा वाचतात.

एका बैठकींत जलाशयाचें पहांटेचें चित्र आलें. पाणी आरशासारखें, त्यांत डोंगराची उलटी छाया, एका कडेला लहानशी होडी. मथळा होता ‘निसर्गाचें वरदान’. प्रथम कॉलेजांतील मुलगा बोलला, “क्षितिज बरोबर मध्यावर आलें आहे.” शिक्षिका म्हणाल्या, “होडीचें तोंड चौकटीबाहेर आहे. ती चित्रांत येत नसून चित्रांतून पळून चालली आहे, असें वाटतें.” सूनबाईंनीं डाव्या कोपऱ्यांतील विजेची तार दाखविली, ती कोणाच्याच लक्षांत आली नव्हती. बँकवाले काका म्हणाले, “तें सगळें असो, पण उजेड सुंदर पकडला आहे. यासाठीं काढणारा चारला उठला असला पाहिजे.” सर्वांना तें पटलें.

दाराशीं शेजारचे एक वृद्ध शेतकरी बसले होते. यजमानांनीं त्यांना विचारलें, “बाबा, तुम्हांला काय वाटतं?” ते थोडा वेळ पाहत राहिले व म्हणाले, “चित्तर लई झ्याक हाय, मास्तर. पर ह्ये निसर्गानं दिल्यालं न्हाई. हितं आमच्या आज्याचं भाताचं खाचर व्हतं.”

बैठक स्तब्ध झाली. आमच्या वाचकांपैकीं वडील मंडळींनीं ही हकीकत आपल्या वडिलांच्या तोंडून ऐकली असेल. तरुणांसाठीं ती थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. मुळशीचें तळें नैसर्गिक नाहीं. टाटांच्या वीज कंपनीनें नीला व मुळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधण्याचें योजिलें, आणि मावळांतील सुमारें पन्नास गांवांच्या जमिनींवर गदा आली. १९२१ च्या रामनवमीस, म्हणजे १६ एप्रिल रोजीं, मावळ्यांनीं धरणाच्या जागीं सत्याग्रह सुरू केला. विनायकराव भुस्कुटे व पांडुरंग महादेव बापट हे त्याचे पुढारी. बापटांना ‘सेनापति’ ही पदवी याच लढ्यांत मिळाली, आणि कारावासहि याच लढ्यानें दिला. सत्याग्रह १९२४ पर्यंत कमीअधिक जोरानें चालला. धरण मात्र थांबलें नाहीं. अडविलेलें पाणी सह्याद्रीच्या पश्चिमेस उतरवून भिरा येथें १९२७ सालीं वीज निघूं लागली व ती मुंबईकडे गेली. त्या विजेनें मुंबईच्या गिरण्या चालल्या, हेंहि खरें; आणि ज्यांचीं खाचरें बुडालीं त्यांच्या वाट्यास त्या उजेडांतलें फार थोडें आलें, हेंहि खरें.

चित्र कोणाचें हें मग उघड झालें. काढणारा पुण्याचा एक तरुण इंजिनिअर होता. तो म्हणाला, “बाबा, मला हें ठाऊक नव्हतं. पण पाण्याखालचं चित्रांत दाखवूं कसं?” बाबा हंसून म्हणाले, “त्ये तुमचं काम. म्या आपलं नाव चुकलंय येवढंच बोल्लो.”

या प्रश्नावर त्या दिवशीं बराच खल झाला. बँकवाले काका म्हणाले कीं चित्राचें परीक्षण चित्रापुरतेंच असावें. इतिहास व राजकारण यांना आंत घेतलें तर बैठकीचा फड होईल. त्यांचें म्हणणें अगदींच टाकाऊ नव्हे. रेषा, उजेड व मांडणी यांचें भान सोडून केवळ विषयाच्या थोरवीवर चित्र उत्तम ठरूं लागलें, तर शिकावयाचें कांहीं उरत नाहीं. परंतु मथळा हा चित्राचाच भाग आहे. खोटा मथळा दिलेलें चित्र हें नांव बदलून दिलेल्या दस्तऐवजासारखें आहे. अक्षर कितीहि वळणदार असलें तरी दस्तऐवज खोटाच. आमच्या मतें बाबांचें परीक्षण त्या दिवशींचें सर्वांत मार्मिक परीक्षण होतें. कारण त्यांनीं मत दिलें नाहीं, माहिती दिली.

पुढील महिन्यांत त्या तरुणानें नवें चित्र आणलें. ओसाड काठावरून एक जुनी रुंद वाट खालीं उतरत येते आणि सरळ पाण्यांत शिरते. पलीकडे नुसतें पाणी. खालीं एका बुडालेल्या गांवाचें नांव घालून ‘अमुक गांवची वाट’ असा मथळा दिला होता. दुष्यन्ताला जशी मालिनी नदी राहिल्याची रुखरुख लागली, तशी रुखरुख लागल्यावांचून असें चित्र निघत नाहीं. सूनबाई म्हणाल्या, “वाट छान आली, पण वरचं आकाश उगाच मोठं ठेवलं आहे, तें कापलं तर वाट आणखी लांब वाटेल.” बाबांनीं पुन्हां एकदां मान हालविली. “ही वाट त्या गावची न्हवं. ही वरल्या आळीची.” मथळा पुन्हां दुरुस्त झाला. उत्तम चित्रालाहि परीक्षण चुकत नाहीं, तें असें.

खरें आणि खोटें

येथून पुढचा प्रश्न ओघानेंच येतो. चित्र कितपत खरें असावें? मृग नक्षत्राच्या सुमारास सह्याद्रीच्या झाडींत काजवे लुकलुकूं लागतात. त्यांचीं जीं चित्रें आपण पाहतों, त्यांत सारें रान सोन्याच्या ठिपक्यांनीं भरून गेलेलें असतें. प्रत्यक्षांत कोणत्याहि एका क्षणीं डोळ्यांस इतके काजवे दिसत नाहींत. तिपाईवर कॅमेरा स्थिर ठेवून लागोपाठ पुष्कळ चित्रें घेतात व तीं एकावर एक रचून हें एक चित्र होतें. हें कसब निंद्य नव्हे. तें एका क्षणाचें चित्र नसून अनेक मिनिटांचें आहे, इतकेंच. तेवढें खालीं लिहिलें म्हणजे फसवणूक उरत नाहीं. लिहिलें नाहीं, तर पुढील वर्षीं तसेंच रान पाहावयास शेंकडों लोक बत्त्या घेऊन जातात. आणि नर-मादींनीं एकमेकांना उजेडाच्या खुणांनीं हुडकावयाचें, तें त्या बत्त्यांच्या झगझगाटांत बंद पडतें. चित्रकाराच्या एका न लिहिलेल्या ओळीची किंमत काजव्यांनीं द्यावी, हें न्याय्य नव्हे.

पक्ष्यांच्या घरट्यांचेंहि असेंच. पिलांना चारा देणाऱ्या मादीचें चित्र मोहक दिसतें. पण तें नीट दिसावें म्हणून आडव्या येणाऱ्या फांद्या दूर केलेल्या असल्या, तर त्याच फांद्यांनीं पिलांना ऊन व शिकारी पक्षी यांपासून झांकलेलें होतें हें विसरतां कामा नये. अमेरिकेची व इंग्लंडची छायाचित्रण-संस्था आणि आंतरराष्ट्रीय संघ यांनीं २०१५ पासून निसर्गचित्रांची एक समान व्याख्या स्वीकारली. तीप्रमाणें अशा चित्रांत मागाहून कांहीं घालतां किंवा काढून टाकतां येत नाहीं, आणि प्राण्याचें कल्याण चित्राहून श्रेष्ठ मानलें आहे. आपल्या बैठकींतहि एक प्रश्न नेहमीं विचारला जावा: हें चित्र घेतांना कोणास त्रास झाला काय? उत्तर ‘होय’ असेल, तर तें चित्र कितीहि देखणें असो, त्याची वाखाणणी करूं नये. कारण जें आपण वाखाणतों तेंच पुढें दहाजण करूं जातात.

घरच्या बैठकीचे नियम

अशी बैठक भरविण्यास संस्था किंवा वर्गणी लागत नाहीं. एकत्र कुटुंबांत तर ती आयतीच भरलेली असते. केवळ तिला वळण लावावयाचें. आम्हांस अनुभवानें उपयोगी वाटलेले नियम असे. प्रत्येकानें महिन्याच्या सर्व चित्रांतून एकच चित्र आणावें. निवड हेंच पहिलें परीक्षण होय. काढणाराचें नांव शेवटपर्यंत सांगूं नये, म्हणजे चुलत्याचें चित्र म्हणून भीड आणि भाच्याचें चित्र म्हणून उपेक्षा, या दोन्ही टळतात. चित्र पाहून निदान एक मिनिट कोणीं बोलूं नये. डोळ्यांना पाहूं द्यावें. मग सर्वांत लहानानें प्रथम बोलावें व सर्वांत वडिलांनीं शेवटीं. आपल्या घरांत वडिलांनीं एकदां मत दिलें कीं बाकीच्यांचीं मतें तोंडांतच राहतात, हें कोणास ठाऊक नाहीं?

बोलतांना एक गुण व एक दोष सांगावा आणि दोन्हींचें कारण द्यावें. ‘मला आवडलें नाहीं’ हें परीक्षण नव्हे. ‘पाठीमागचा खांब आजीच्या डोक्यांतून उगवल्यासारखा दिसतो’ हें परीक्षण होय. दोष चित्राचा सांगावा, माणसाचा सांगूं नये. काढणारानें सर्वांचें होईपर्यंत समर्थन करूं नये. ज्या चित्राचें समर्थन तोंडानें करावें लागतें, तें स्वतःहून बोलत नाहीं असें समजावें. आणि चित्रांत ज्यांची शेती, ज्यांचें घर, ज्यांचा चेहरा आला आहे, त्यांपैकीं कोणी जवळपास असेल, तर त्यास अगत्यानें बोलावून त्याचें मत घ्यावें. त्याला मांडणीचे नियम ठाऊक नसतील. पण समोर काय आहे हें त्याच्याइतकें दुसऱ्यास ठाऊक नसतें.

घरांतील जुन्या चित्रांचीहि एक बैठक वर्षांतून एकदां करावी. पणजोबांचें चित्र पेटींत असतें. त्यांच्या शेजारीं उभा असलेला गृहस्थ कोण, हें सांगणारी एकच आजी घरांत उरलेली असते. तिला पुढें बसवून नांव, गांव व साल विचारून घ्यावें, आणि तें चित्राच्या पाठीवर मऊ पेन्सिलीनें हलक्या हातानें लिहावें. शाई पुढल्या बाजूस उतरते. पेन्सिल उतरत नाहीं. ज्या चित्राची ओळख गेली तें कितीहि रेखीव असलें तरी मुकें झालें.

थोडक्यांत, कॅमेरा पाहतो तें सर्व खरें असतें असें नाहीं, आणि एकट्याच्या डोळ्यास दिसतें तें पुरें असतें असेंहि नाहीं. एकाला क्षितिज दिसतें, दुसऱ्याला विजेची तार दिसते, आणि तिसऱ्याला पाण्याखालचें खाचर दिसतें. तिघांनीं मिळून पाहिलें म्हणजे चित्र पुरें होतें. पावसाळा उघडतांच ज्या घरांतून मुळशीची सहल निघेल, तेथें पुढच्या रविवारीं अशी बैठकहि भरावी, आणि तिच्यांतून ‘वाहवा’ ऐवजीं एखादा खरा शब्द निघावा, एवढीच आमची सूचना आहे.